मागच्या फळीची कडी

रीळमास्तर मूळचे घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करून घेणारी माणसं कमी झाली, तेव्हा त्यांनी डोळ्याला लावायचं तेच भिंग मासेमारीच्या रिळांकडे वळवलं. तळ्याकाठी एका खोलीचं दुकान थाटलं. भिंतीला गळाच्या काठ्या टेकवलेल्या, डब्यांत गळ आणि शिशाचे मणी, आणि दोरीच्या फिरक्या उन्हापासून लांब, अंधाऱ्या कपाटात. उन्हात राहिलेली दोरी दिसते नवीकोरी आणि ऐन वेळी कच खाते, असं ते म्हणायचे.

छोट्या होडीतून जाणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे डोकावायचा आणि मास्तर सढळ हाताने ज्ञान वाटायचे. गळ नखावर ओढून बघा. रुतला तर धार आहे, घसरला तर बदला. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. मासा केवढाही लागो, होडीत उभं राहू नका. आणि नांगर टाकायचा तो होडीच्या नाकावरून, मागून कधीच नाही. नाक उंच आणि टोकदार असतं, लाटेवर चढतं. मागची फळी बुटकी आणि सपाट. ती वाऱ्याकडे करून होडी बांधली, की लाट थेट आत येते, आत आलेल्या पाण्याने मागची बाजू आणखी दबते आणि पुढची लाट आणखी सहज आत येते.

एवढं सांगणारा माणूस स्वतः तीस वर्षांत होडीत बसला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि हा पाषाण खरोखरच कोरडा होता. लोकांना भीतीमागे एखादी गोष्ट हवी असते, लहानपणी बुडता बुडता वाचले वगैरे. मास्तरांकडे तसलं काही नव्हतं. पायाखाली पाणी हलतंय, एवढं त्यांना पुरायचं.

त्यांची थोरली बहीण बरोबर उलटी. ताई अडुसष्ट वर्षांची, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. रोज सकाळी एकटी होडी काढायची. भावाने दिलेलं लाइफ जॅकेट अंगात घालायचं सोडून त्याची उशी करून बसायची. ती परतेपर्यंत मास्तरांच्या दाराकडे खेपा चालू, आणि ती आली की मात्र साळसूदपणे विचारायचे, "आज लवकर आलीस?"

एकदा ताईचा खांदा धरला. हात वर जाईना. ती दुकानात आली आणि म्हणाली, "मागच्या फळीला एक कडी लावून दे. नांगर बसल्या जागेवरून टाकीन."

"वेड लागलंय का तुला? मी जगाला काय सांगतो?"

"जगाचा खांदा दुखत नाहीये. मग काय, एका हाताने रांगत जाऊ नाकापर्यंत? पडले म्हणजे?"

झालं. ताई रांगतेय, हात सटकतोय, डोकं कडेवर आपटतंय, हे सगळं मास्तरांना एका क्षणात दिसलं. "फक्त वारा नसेल तेव्हा हं," असं तीनदा वदवून घेऊन त्यांनी कडी लावून दिली. चार स्क्रू, चांगले लांबडे, सुटता सुटणार नाहीत असे. भित्र्या माणसाचं हे असंच होतं. समोरची छोटी भीती टाळायच्या नादात तो मोठीला स्वतःच्या हाताने दार उघडून देतो.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी टेबलावर एक रीळ उघडं पडलं होतं. एक दाढीवालं गिऱ्हाईक आपली होडी धक्क्याला लावून गळ निवडत होतं. मास्तर चिमट्यात स्प्रिंग धरून बसले होते, तेवढ्यात बाहेरची पत्र्याची पाटी एकदा वाजली. मग दुसऱ्यांदा. मग थांबेचना.

मास्तर दारात आले. पलीकडच्या काठापासून पाणी काळं पडत येत होतं. ताईची होडी तळ्याच्या मध्यावर होती. नाकावरून नांगर टाकलेली होडी वाऱ्याकडे तोंड करते. या होडीने वाऱ्याकडे पाठ केली होती.

मास्तरांनी हातातला चिमटा टाकला.

"तुमची होडी," ते दाढीवाल्याला म्हणाले. "चला. लवकर."

"मास्तर, तुम्ही कशाला? मी एकटा जातो की."

"वल्ही मारायची की नांगराची दोरी कापायची? दोन्ही कसं कराल?"

त्यांनी खुंटीवरची दोन लाइफ जॅकेटं ओढली, एक दाढीवाल्याकडे फेकलं, एक अंगात चढवलं, काउंटरवरचा सुरा घेतला आणि धक्क्यावर आले. एक पाय होडीत टाकला, होडी खाली गेली, आणि त्यांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. दाढीवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भला माणूस.

पुढचा वेळ मास्तरांनी दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून काढला. लाटा तोंडावर येत होत्या. प्रत्येक लाटेला त्यांना वाटे, आता उलटणार. परत फिरा, हे शब्द दोनदा अगदी जिभेवर आले. समोर ताई दिसत होती. ती मागच्याच फळीजवळ बसून एका हाताने डब्याने पाणी उपसत होती. एक डबा बाहेर जाई आणि तीन डबे आत येत. तिच्या वजनाने ती बाजू आणखीच दबली होती.

"पुढे सरक! ताई, पुढे!" ते ओरडले. वाऱ्यात काही ऐकू जाईना.

दाढीवाल्याने होडी बाजूला आणली. ताईच्या होडीत पोटऱ्यांएवढं पाणी होतं. नांगराची दोरी सळईसारखी ताठ झाली होती. मास्तरांनी डाव्या हाताने ताईच्या होडीची मागची फळी पकडली, उजव्या हाताने सुरा चालवला. दोन ओढींत दोरी तुटली आणि मोकळी झालेली होडी झटक्यासरशी पुढे निघाली. मास्तरांचा हात तिच्याबरोबर, पाय दाढीवाल्याच्या होडीत, आणि मधे पाणी रुंदावत चाललेलं. हात सोडावा, की पाय?

त्यांनी पाय सोडले.

ते कसे आत पडले हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. छाती कडेवर आपटली, नाकातोंडात पाणी गेलं. पण होडीत पडले. मग रांगत रांगत नाकाशी गेले, ताईला बखोटीला धरून सोबत ओढलं आणि दोघं तिथंच दाटीवाटीने बसली. पुढच्या वजनाने मागची फळी हळूहळू वर आली. वाऱ्याने होडी ढकलत ढकलत अलीकडच्या काठाला, गवतात नेऊन टेकवली. दाढीवाला मागून आलाच.

काठावर उतरल्यावर मास्तरांचे दात वाजत होते. "कडी मी लावली," ते म्हणाले. "कळत असून लावली."

"मागितली मी." ताईने ओला पदर पिळला. "वारा सुटला तेव्हा मी घाबरले नाही, खरं सांगते. उपसत बसले. पण तू त्या होडीतून येताना दिसलास आणि माझ्या हातातला डबाच सुटला. म्हटलं, हा आता जातो, माझ्या हट्टापायी." मग तिने विचारलं, "आता होडीचं नाव काढू नकोस म्हणशील ना?"

तेच म्हणायचं होतं. शब्द तयार होते, शपथसुद्धा तयार होती. पण मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून हो म्हणायला तयार उभी होती, आणि ताईला असं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"जा की," ते म्हणाले. "पण नांगर नाकावरूनच. आणि टाकायला मी येणार."

"रोज?"

"रोज."

हे तोंडातून निघून गेलं, मग त्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला. मास्तर तिथंच चिखलात मटकन बसले.