मुतारीतल्या खेळाची नोंद

आर्वी रोडवरच्या एका धाब्याच्या मुतारीत व्हिडिओ गेम होता. भांड्याच्या वर, नजरेच्या उंचीला, प्लास्टिकआड छोटा स्क्रीन आणि भांड्यात तीन सेन्सर. धार लागली की धून वाजायची आणि स्क्रीनवर एक झोपडी पेटायची. धार जिकडे, तिकडे पाणी. धार थांबली की खेळ संपला, पुढची धार म्हणजे नवा खेळाडू. मग शेवटच्या दहा खेळाडूंची यादी यायची, कोण किती सेकंद टिकला त्याची. परदेशात असली यंत्रं काही वर्षांपूर्वी येऊन गेली म्हणतात. आपल्याकडे ती कुणी आणली, कुठे कुठे बसवली, याची एक ओळही मला सापडेना. धाबेवाल्याने एका प्रदर्शनातून घेतलं होतं आणि विकणारी कंपनी बंद पडली होती.

मी वर्ध्याला एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. विसरल्या गेलेल्या गेम-यंत्रांची माहिती इंटरनेटवर जमवणारा आमचा एक गट आहे. यंत्र कसं चालतं, कुठे बिघडतं, एवढंच लिहायचं. घरी मी हे कधी नीट सांगितलं नाही. एरवीही मी कमीच बोलतो.

नोंद पक्की व्हायची तर एकच माणूस बरेच महिने खेळलेला हवा. मला स्वतःला लाज वाटायची. म्हणून भाऊजींना धरलं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. आंजीला त्यांचं कृषी केंद्र आहे, दर मंगळवारी माल न्यायला वर्ध्याला यायचे आणि परत जाताना धाब्यावर चहा व्हायचाच. साल्याची चेष्टा करायला त्यांना कारण लागत नसे.

“लोकाईचे साले जवायाले सिनेमा दाखवतात,” ते म्हणाले, “अन् मले हा मुतारीत घेऊन आला.”

“सायन्ससाठी आहे, भाऊजी.”

“बरं, सायन्स. तू भाईर थांबजो फक्त.”

मी दाराशी थांबायचो. ते बाहेर आले की आत जाऊन यादीचा फोटो घ्यायचा आणि वहीत तारीख टाकायची. पहिले काही मंगळवार ते मिशीला पीळ देत बाहेर यायचे. मग कधीतरी, नेमकं कधी ते वहीत आहे, एका वेळेला दोनदा धून वाजली. पुढे तीनदा. आत एकटे भाऊजी आणि यादीत नवे तीन खेळाडू. चार सेकंद, सहा सेकंद, तीन सेकंद.

मला आधी खरंच वाटलं की यंत्र बिघडलं. मुतारी धुणारे काका भांड्यात मूठभर डांबरगोळ्या टाकून ठेवत, त्या सेन्सरवर बसत असतील. मी काकांना सांगून गोळ्या काढायला लावल्या. पुढच्या मंगळवारी पुन्हा तीन. भाऊजी चहाच्या टेबलाकडे गेले, तेव्हा मी आजूबाजूला पाहून स्वतः उभा राहिलो. धून एकदा वाजली. यादीत एकच खेळाडू आला. मी.

म्हणजे मला कळलं होतं का? याचं उत्तर मला आजही देता येत नाही. कळलं असं म्हणावं तर मी त्या दिवशी शांतपणे चहा प्यायलो. कळलं नाही म्हणावं तर माझ्या खेळाचा फोटो घेऊनही त्याची नोंद मी वहीत केली नाही, ती का? बहिणीच्या नवऱ्याला कोणत्या तोंडाने विचारायचं, की भाऊजी, तुमची लघवी अडखळते का? आमच्यात जावयाला पाटावर बसवतात, असलं काही विचारत नाहीत. मी घरी येऊन नोंद लिहिली: सेन्सरमध्ये दोष, यंत्र एका माणसाला तीन खेळाडू मोजतं.

आणि ती नोंद मी त्यांना वाचून दाखवली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

ते एकदम हसले. “म्हंजे मशीनच बिघडली आहे ना? मले वाटलं माह्यंच काई बिघडून राह्यलं. डॉक्टरकडे जाऊन येतो म्हणत होतो.”

मी म्हणालो, “मशीन आहे, भाऊजी. बिघडणारच.”

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांची लघवी पूर्ण बंद झाली. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं, नळी टाकली. प्रोस्टेट वाढलेलं होतं आणि पाठीमागे दाब बसून एक मूत्रपिंड जवळपास निकामी झालेलं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? भाऊजी भिंतीकडे पाहू लागले. ताई म्हणाली, “हे कई काई सांगतच नाई, साहेब.” माझ्या पिशवीत वही होती, आठ महिन्यांच्या तारखा होत्या. मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेलो.

ते घरी आल्यावर तीन आठवडे मी आंजीला गेलो नाही. मग गेलो. ताई स्वयंपाकघरात होती. मी खाटेजवळ बसून सगळं सांगितलं. उलटसुलट सांगितलं असेल, पण यंत्र ठीक होतं, मी तपासलं होतं, हे सांगितलं.

ते कमरेला बांधलेली लघवीची पिशवी सारखी करत राहिले.

“आता काऊन सांगून राह्यला?”

मी वही काढून खाटेवर ठेवली.

“मले घरी समजत नव्हतं का रे?” ते म्हणाले. “घरी तर मशीन नव्हती. पण तू लिहिलं होतं ना, शिकला-सवरलेला माणूस. म्या म्हणलं, चाला, सुटलो.” मग म्हणाले, “मंगळवारी तपासणी हाये. तू संग चाल. डॉक्टर इचारते तवा माह्याच्यानं बोलणं होत नाई. तू वाचून दाखव.”

मी गेलो. ताई शेजारी बसली होती आणि तिच्यासमोर मी पहिल्या तारखेपासून वाचत गेलो. वहीत नसलेला तो एक फोटोही मोबाइलवर दाखवला. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी दोन ओळी लिहून घेतल्या.

मी विचारलं, “तेव्हाच आणलं असतं तर मूत्रपिंड वाचलं असतं?”

“वाचलं असतं कदाचित. आता नक्की सांगता येत नाही.”

हो म्हणाले असते तर मी गुन्हेगार म्हणून उठलो असतो. नाही म्हणाले असते तर मोकळा उठलो असतो. तसं काहीच झालं नाही म्हणून मी बसूनच राहिलो. शेवटी ताईच म्हणाली, “ऊठ, बाहेर लोकं थांबले हायेत,” आणि तिने भाऊजींच्या एका बगलेत आधाराला हात घातला. दुसऱ्या बाजूला मी जायचं की नाही, हे मला कळेना. भाऊजींनी त्या बाजूचा हात तसाच उचलून धरला होता.