बारवीच्या रानातलं सांबर आणि आंबीबाईची कालवड

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. उल्हासनगरच्या एका रद्दीवाल्याकडे माझ्या मित्राला, गुलला, प्राण्यांच्या ठशांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. गुलचं तिथे पडद्यांच्या कापडाचं दुकान. त्याला पुस्तकाचं काय करायचं होतं? त्याने ते मला दिलं. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होतो, मापं घेणं हा माझा धंदाच. आठवड्याभरात मला वाटायला लागलं की नुसतं खूर दाखवा, जनावराची कुंडली मांडतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ते हेच. शिवमंदिरामागे नदीकाठच्या चिखलात शेळ्या-म्हशींचे ठसे मोजून सराव केला, आणि दिवाळीआधीच्या शनिवारी बारवीच्या जंगलात सांबराचा माग काढायला जायचं ठरवलं.

गुल दुपारी हेंद्रेपाड्यात माझ्या घरी जेवायला आला. तिथून बारवीकडची एसटी पकडली. तुम्ही आता जाल तर सोनिवलीपर्यंत इमारतीच इमारती दिसतील. तेव्हा हेंद्रेपाडा संपला की भातशेती सुरू व्हायची आणि खिडकीतून पिकल्या भाताचा वास यायचा. दोघांचं जाणं-येणं आणि वाटेतले वडापाव मिळून पन्नासची नोटही संपली नाही. एक सूचना मात्र तेव्हाही लागू होती आणि आजही आहे: परतीच्या गाडीची वेळ कंडक्टरलाच विचारून ठेवा, फलाटावरच्या पाटीवर जाऊ नका.

मुक्काम कान्हूकडे होता. कान्हू पावसाळा संपला की आमच्या कारखान्यात गवत कापायला यायचा, ओळख तिथली. फाट्यावर उतरून अर्धा तास चालल्यावर त्याचा पाडा. पंधरा-वीस घरं, मागे लगेच डोंगर. पाड्याचं नाव मुद्दामच देत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा कान्हूच्या शेतावर भांडण पेटलं होतं. रात्री कुठल्यातरी जनावराने त्याच्या उभ्या भाताचा एक कोपरा खाऊन तुडवून टाकला होता. कान्हूचा संशय शेजारच्या आंबीबाईच्या कालवडीवर. आंबीबाई एकटी राहणारी, साठीची, आवाजाने बारीक. कालवड पहिलटकरीण, गाभण होती. पौषात विणार म्हणून आंबीबाई तिला जपत होती.

"माझी कालवड ओढाळ नाय," ती म्हणत होती. "रातभर दावनीला व्हती."

मला बघितल्यावर कान्हूचा चेहरा खुलला. "ह्ये बगा, सायेब आलं. सायबांकडं खुरांचं पुस्तक हाय. त्येच सांगतील गाय का सांबर."

गुल माझ्या कानात पुटपुटला, "अरे यार, तू कशाला पडतोस यात? जज है क्या तू?"

मी ऐकायला हवं होतं. पण सगळा पाडा बांधावर उभा, मला वाट करून देतोय, आणि मी गुडघ्यावर बसून स्टीलची पट्टी काढतोय. खरं सांगतो, आयुष्यात त्याआधी कुणी माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं नव्हतं. चिखलात ठसे होते. रुंद, टोकाला बोथट. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की हरणाच्या जातीचं खूर टोकदार आणि गाईचं गोलसर. मी लांबी घेतली, रुंदी घेतली, वहीत आकृती काढली. आंबीबाई माझ्या शेजारी वाकून काहीतरी सांगत होती. मी हाताने तिला थांबवलं, कारण आकडे डोक्यात होते.

"गायच," मी उठत म्हणालो. "सांबर नाही. लिहून देतो हवं तर."

लिहून द्यायची गरज पडली नाही. पाड्याची रीत ठरलेली होती. जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की त्याच्या गळ्यात लोढणं बांधायचं. लाकडाचा ओंडका दोरीने गळ्यात अडकवला की तो पुढच्या पायांमध्ये लोंबतो आणि जनावराला पळता येत नाही. कान्हूच्या काकाने ऐनाच्या झाडाचा ओंडका आणला. बांधायचा मालकिणीनेच, हीसुद्धा रीत. आंबीबाईने सगळ्यांसमोर गाठ मारली. कालवड मान झटकत राहिली. त्या रात्री कान्हूने आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकटाचं कालवण वाढलं, आणि मी दोनदा मागून घेतलं.

रविवारी सकाळी कान्हू कापणीला गेला. आम्ही पिशव्या खांद्याला लावून त्याच्या शेताच्या वरच्या पायवाटेने डोंगरात शिरलो. या दिवसांत तुम्ही गेलात तर सकाळी लवकर निघा. दव असतं, बूट भिजतात, पण जंगल सुंदर असतं. शंभर पावलं गेलो नसू तोच वाटेत लेंड्यांचा ढीग. ताज्या, काळ्या. बाजूच्या झाडाची साल माझ्या छातीच्या उंचीवर घासून निघालेली. आणि वाटेच्या मऊ मातीत खुरं, टोकदार, अगदी पुस्तकातल्यासारखी.

सांबर! मी गुलला मिठीच मारायची बाकी होती. माग काढत काढत आम्ही उलटे खाली आलो, जनावर आलं कुठून ते बघायला. थोडं खाली एका ठिकाणी मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशावर पडला होता. दोन खुरं एकावर एक. टोकं पुसून गेलेली, ठसा रुंद आणि बोथट. मी पट्टी लावली. कालचंच माप. तिथून माग थेट कान्हूच्या बांधावर उतरत होता.

मी मातीत बसूनच राहिलो.

गुलला सगळं समजावून सांगावं लागलं नाही. "तो नीचे जा के बोल दे ना," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"एसटी चुकेल," मी म्हणालो.

त्याने घड्याळ बघितलं. "अजून दीड तास आहे."

तिथून रस्त्यावर उतरायला दोन वाटा होत्या. एक पाड्यातून, दुसरी वळसा घालून बारवी धरणाच्या बाजूला. मी वळशाची वाट धरली. गुल मागून आला. काल ज्यांच्यासमोर मी पट्टी काढली होती त्यांच्यासमोर चुकलो म्हणायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी मी त्याहून मोठी लाज विकत घेतली.

दिवाळी कशीबशी काढली. तिसऱ्या शनिवारी एकटाच गेलो. आंबीबाई अंगणात सुपात वाल पाखडत होती. गोठा रिकामा.

"कालवड कुठंय, मावशी?"

"गेली." तिने हात थांबवले नाहीत. "वरल्या अंगाला चरत व्हती. लोढनं पायात आलं, गडगडत खाली आली. मान मोडली."

मी मग सगळं सांगितलं. लेंड्या, झाड, एकावर एक पडलेली खुरं, पाड्याला वळसा घालून गेलो तेही. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला ठावं व्हतं, सायेब. शेतात शेन कुठं व्हतं? गाय रातभर खाईल आन शेन नाय टाकनार?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "बोलले व्हते की. तुमी मोजत व्हते."

माझा हात नकळत खिशातल्या पाकिटाकडे गेला. तिने ते पाहिलं, सूप उचललं आणि ती आत गेली.

खळ्यावर कान्हू आणि चारपाच जण मळणीला होते. त्या सगळ्यांसमोर मी सांगितलं की ते सांबर होतं, कालवड ओढाळ नव्हती, चूक माझी. कान्हूने हातातली पेंढी खाली ठेवली. "तुमच्या शब्दावर म्हातारीला लोढनं बांधाया लावलं मी," एवढंच बोलला. चहाचं कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी तो कारखान्यात गवत कापायला आला तेव्हा नमस्कार केला, पण थांबला नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, जंगल कसं होतं? छान, म्हणालो. जंगल खरंच छान आहे, तुम्हीही जाऊन या.

ऑफिसात मात्र पुढे कित्येक वर्षं मी एक किस्सा रंगवून सांगत आलो. बारवीच्या जंगलात नुसत्या लेंड्यांवरून आणि खुरांवरून मी सांबर कसं ओळखलं त्याचा. ऐकणारे वाहवा करायचे. किस्सा खोटा नव्हता. फक्त मी तो रविवार सकाळपासून सुरू करायचो आणि माग खाली उतरायच्या आधी संपवायचो.