डिकीत मशीन मावेल का?

माझी धाकटी बहीण लोकांच्या घरी जाऊन पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. स्वतःचं मशीन सोडून दुसऱ्याला हात लावेल तर शपथ! ते धूड तिनं कितीतरी वर्षं भाड्याच्या टेम्पोतून फिरवलं. मग जिद्दीनं गाडी चालवायला शिकली आणि एक दिवस जाहीर केलं, "दादा, आता गाडी घेणार. जुनी का असेना, पण माझी!"

काय सांगू, घरात नुसती धमाल! मेव्हण्यांनी फोनवर गाडी शोधलीसुद्धा. चकचकीत, आणि किंमत बाजाराच्या निम्मी! विकणारा म्हणे बदली झालेला साहेब. "सगळे पैसे आत्ता पाठवा, गाडी उद्या दारात. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय," म्हणाला. मेव्हण्यांचा अंगठा बटणावर टेकणार, तोच बहीण ओरडली,

"अहो, थांबा! डिकीत मशीन मावेल का?"

"अगं, गाडी हातची जाईल!"

"जाऊ दे. मशीन काय मांडीवर घेऊन बसणार तुम्ही?"

तिनं फोनच हिसकावला. "भाऊ, व्हिडिओ कॉल करून डिकी उघडून दाखवा."

नेट नाही म्हणे.

"मग आम्हीच येतो. पत्ता सांगा."

गाडी गोदामात आहे म्हणे.

"मग गोदामात येतो की!"

साहेब खेकसला, "बाई, तुम्हाला गाडी घ्यायचीय की डिकी?"

"डिकीच घ्यायचीय. बाकीची गाडी तुम्ही वर घाला!"

फोन कट! थोड्या वेळानं बघतो तर जाहिरात गायब, नंबर बंद. मेव्हणे मटकन खाली बसले. "अगं, तुझी सगळी पुंजी गेली असती."

"गेली नाही ना? मग उठा, दुसरी गाडी बघू."

शेजारच्या नर्सबाई त्यांची गाडी विकत होत्या. आम्ही थेट मशीन घेऊनच धडकलो, आणि ते डिकीत अगदी अलगद बसलं! मला वाटलं, झालं काम. छे! बहिणीनं मेकॅनिककडून गाडी खालून-वरून तपासून घेतली. गाडीवरचं कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मागितला. मग आमची वरात आरटीओच्या कचेरीत. गाडी तिच्या नावावर झाली, तेव्हाच तिनं बँकेतून पैसे पाठवले.

"आले हो!" नर्सबाईंनी फोन नाचवला आणि किल्ली दिली.

"दादा, तू पुढे बस. हे बसतील मागे," बहीण म्हणाली, आणि अशा झोकात गाडी काढली की कचेरीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं कडक सलाम ठोकला!