रोट्सपिट्झच्या वहीतलं पान

आमच्या खोऱ्याभोवती अकरा शिखरं आहेत आणि अकराही शिखरांवर, क्रुसाच्या बुंध्याशी, पत्र्याच्या पेटीत एकेक वही असते. वर पोचलेल्याने तीत नाव लिहायचं, तारीख लिहायची, कुठून आलो आणि पुढे कुठे चाललो ते लिहायचं. धुक्यात कुणी हरवलं तर शोधायला निघालेल्यांना तेवढाच आधार. पण लोक तेवढ्यावर थांबतील तर ना! कुणी कविता करतं, कुणी देवाचे आभार मानतं, कुणी शेजारच्या शिखरापेक्षा इथला देखावा बरा, असा निकाल देऊन मोकळं होतं.

या वह्या सव्वीस वर्षं बुर्गल सांभाळत होती. जूनमध्ये बर्फ वितळलं की नव्या वह्या वर न्यायच्या, ऑक्टोबरात भरलेल्या खाली आणायच्या, जाता-येता देखाव्याच्या जागांवरची बाकडी पुसायची, दगडांवरच्या लाल-पांढऱ्या खुणा रंगवायच्या. सहासष्टाव्या वर्षीही तिचे पाय दणकट होते आणि जीभ पायांहून. वहीचं पान फाडणारा तिच्या तावडीत सापडला तर त्याची धडगत नसे. एकदा एका बड्या डॉक्टरांनी चीज गुंडाळायला पान फाडलं, तर बाईने त्यांना पार खालच्या बसथांब्यापर्यंत बोलत बोलत पोचवलं. "दोन हजार मीटरच्या वर सगळे अरे-तुरेचे," ती म्हणायची, "तिथे कुणी डॉक्टर नाही नि कुणी बिक्टर नाही."

हिवाळ्यात शेगडीजवळ बसून ती या वह्या नवऱ्याला वाचून दाखवायची. रोमेडने चाळीस वर्षं लोकांना शिखरांवर नेलं-आणलं. बोलणं मोजकं, पण वहीत नोंद केल्याशिवाय तो कधी शिखरावरून उतरला नाही. गेली तीन वर्षं मात्र त्याची स्मृती उसवत चालली होती. आधी किल्ल्या हरवल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग पाववाल्याच्या दुकानाचा रस्ता. बुर्गललाही तो अधूनमधून "बाई" म्हणायचा. लेन्झचं नाव तेवढं पक्कं होतं.

लेन्झ त्याचा धाकटा भाऊ. एक्क्याऐंशी सालच्या सप्टेंबरात तो रोट्सपिट्झच्या शिखरावर एकटाच गेला, दोर न घेता, आणि उत्तरेच्या कड्यावरून पडला. तेव्हापासून आमच्याकडे कुणी गरजेची वस्तू घरी विसरलं की म्हणतात, "झाला लेन्झचा दोर!" शाळेतली पोरंसुद्धा म्हणतात, लेन्झ कोण हे त्यांना ठाऊकही नसतं. रोमेडसमोर कुणी म्हणालं की तो उठून बाहेर जायचा. भावाचं दुःख, दुसरं काय, असं सगळे समजत. बुर्गलही तेच समजली होती.

यंदा अठरा सप्टेंबरला सकाळी रोमेडने कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं आणि बुर्गल भडकली. "तुझ्याच्याने आता काही म्हणजे काही होत नाही!" असं म्हणून ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. परत आली तर खुर्ची रिकामी. बूट नव्हते. खुंटीवरचा जुना दोरही नव्हता.

"काकू, हेलिकॉप्टर काही उडणार नाही," बचाव पथकाचा कास्पर दारातूनच म्हणाला. "ढग चर्चच्या मनोऱ्यापर्यंत उतरलेत. मी माणसं नदीकाठी लावतो. असे म्हातारे उताराला लागतात, पाण्याकडे जातात."

"तो वर गेलाय."

"अहो, गेल्या आठवड्यात त्यांना पावाचं दुकान सापडलं नव्हतं."

"दुकान नाही सापडलं. डोंगर सापडेल! तू बस नदीत मासे मोजत."

कास्परला तरी काय दोष द्यायचा? पुस्तकात लिहिलेलं तो करत होता. बुर्गलने बूट चढवले आणि एकटीच गाम्सेकच्या चढणीला लागली. खोऱ्यातलं सगळ्यात जवळचं शिखर ते, तरी अडीच तासांचं. तिने दोन तासांत गाठलं. छाती फुटायला आली होती आणि कानात आपलंच सकाळचं बोलणं घुमत होतं. देवा, एवढं एक शेवटचं बोलणं ठरू देऊ नकोस, माझे कान उपट, पाय मोड, पण हे नको, असं ती मोठ्याने म्हणत होती.

क्रुसाजवळ कुणी नव्हतं. तिने पेटी उघडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: "१८ सप्टेंबर १९८१. रोमेड. गाम्सेकवरून रोट्सपिट्झकडे."

नवरा कुठे गेला ते कळलं आणि कधीच्या दिवसात गेला तेही कळलं. तिने कास्परला फोन लावला.

"तिथेच थांबा काकू, हलू नका. आम्ही निघालोच. दोन तास लागतील."

"त्याला कुणी सांगावं दोन तास थांबायला?" ती म्हणाली आणि फोन खिशात टाकला.

गाम्सेकवरून रोट्सपिट्झला डोंगरधारेने जायचं. उजवीकडे खोरं, डावीकडे उत्तरेचा कडा, आणि त्या दिवशी दोन्हीकडे नुसतं पांढरं धुकं. तिला दरड भेडसावत होती. रोट्सपिट्झवरून उत्तरेला उतरणारी जुनी वाट बारा वर्षांपूर्वी कोसळली होती. तिच्यावरच्या खुणा बुर्गलनेच करड्या रंगाने पुसल्या होत्या. पण एक्क्याऐंशी सालात ती वाट धडधाकट होती, आणि रोमेड एक्क्याऐंशी सालात चालत होता. "रोमेड! रोमेड!" करून तिचा घसा बसला. उत्तर नाही.

रोट्सपिट्झची पेटी उघडीच होती. वहीत लिहिलं होतं: "लेन्झ इथे नाही. दोर मी नेला होता. परत आणलाय. जुन्या वाटेने खाली बघतो."

बुर्गलने ते तीनदा वाचलं. दोर मी नेला होता. म्हणजे लेन्झ काही विसरला नव्हता. त्रेचाळीस वर्षं सगळं खोरं त्या मेलेल्या पोराला वेंधळा म्हणत आलं आणि हा माणूस उठून बाहेर जात राहिला! दर अठरा सप्टेंबरला ती याच्या शेजारी उभी राहून लेन्झच्या नावाने मेणबत्ती लावायची, आणि हा म्हणायचा, "हट्टी होता." तिच्या अंगाची लाही झाली. तो समोर असता तर तिने त्याच्या थोबाडीत मारली असती. पण तो समोर नव्हता, कोसळलेल्या वाटेवर होता.

ती कड्याच्या तोंडाशी पालथी पडली आणि पुन्हा हाका मारू लागली. रोमेड, रोमेड. काहीच नाही. मग तिच्या डोक्यात आलं की ज्याला शोधायला तो निघालाय, त्याचीच हाक त्याला ऐकू येईल. हे दोघे भाऊ तरुणपणी एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावर आरोळी द्यायचे, ती खाली गवत कापताना ऐकायची. तिने तोंडाभोवती हात धरले.

"हुयूऽऽ-हू!"

"लेन्झ?" खालून लगेच आवाज आला.

धुकं थोडं हललं. घरातल्या टेबलाएवढ्या गवताच्या टप्प्यावर, चाळीस मीटर खाली, रोमेड उभा होता. खांद्यावर दोर. एका पायाखाली गवत आणि दुसऱ्याखाली अर्धीमुर्धी माती.

"हलू नकोस!" बुर्गल ओरडली. बसलेल्या घशातून आवाज पुरुषासारखा निघाला.

"येतो मी वर."

"मुळीच नाही! बस खाली. मीच येतो."

"तू रागावलायस." तो बसला नाही. "दोर मी मुद्दाम नेला रे. भांडण कसलं, तर ओझं कुणी उचलायचं! मी म्हणालो, जा एकटा, मर तिकडे. रात्रभर वाट पाहिली तुझी. मग लोक म्हणाले तू दोर विसरलास, आणि मी गप्प बसलो." त्याने एक पाऊल पुढे टाकलं. माती खाली गेली, तिचा आवाज आला. "रागावलायस ना? बोल! नाहीतर मी येतोच तिथं."

बुर्गल दातओठ खात पडून राहिली. माफ करणारी ती कोण? ज्याने करायचं तो कबरीत. पण रोमेडचा दुसरा पाय उचलला गेला.

"नाही रे रागावलो," ती म्हणाली. "बस बघू. दोराचं काय एवढं!"

"खरंच?"

"खरंच. बस, गाढवा."

गाढवा ऐकून तो हसला आणि कड्याच्या भिंतीला पाठ लावून बसला. पुढचा दीड तास ती लेन्झ होऊन बोलत राहिली. मेलेली गाय, आईचे डंपलिंग, शाळेतल्या मास्तरांची टोपी, जे सुचेल ते. मध्येच त्याने विचारलं, "बुर्गलला विचारू का रे लग्नाचं? जिभेची फार तिखट आहे." तिने डोळे पुसले नाहीत, दोन्ही हात तोंडाभोवती धरलेले होते. "विचार," ती म्हणाली. "पश्चात्ताप करशील, पण विचार."

कास्परची माणसं आली. त्यांनी रोमेडला वर ओढून घेतलं आणि घोंगडीत गुंडाळून स्ट्रेचरवर बांधलं. खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

"काकू, तुमचं ऐकायला हवं होतं," कास्पर खाली मान घालून म्हणाला. "वहीत काही लिहिलं होतं का त्यांनी? अहवालात लागेल."

"बघते," बुर्गल म्हणाली.

कास्पर दोर गुंडाळायला वळला. ती क्रुसाजवळ गेली, पेटी उघडली, वही मांडीवर घेतली. मग सव्वीस वर्षांत कुणालाही करू दिलं नव्हतं ते तिने केलं. पान शिवणीपासून हळूच सोडवलं, घडी केली आणि खिशात घातली.

स्ट्रेचरवरून रोमेड तिच्याकडे बघत होता.

"बाई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "पान नका फाडू. आमची बुर्गल फार चिडते."