मी खोडलेली ओळ

सोलापूरच्या कोर्टात मी वकिली सुरू केली ती सत्तरच्या दशकात. वरिष्ठांच्या ऑफिसात पक्षकार डोकावायचे आणि वकीलसाहेब कुठं गेले म्हणून मलाच विचारायचे. साहेब गेलेत, वकील इथंच बसलीय, असं मी फटकन सांगायची. तोंड माझं तेव्हाही तिखट होतं.

कामही तसंच. पाल्हाळ मला खपत नसे. रजिस्ट्री कचेरीबाहेर छपराखाली बसणारे एक म्हातारे दस्तलेखक होते. घरजागेच्या प्रत्येक खरेदीखतात ते जल, तरू, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी जंत्री घालायचे. दोन खोल्यांच्या घरात कुठला आलाय निधी आणि कसलं पाषाण? त्यांचे कच्चे मसुदे माझ्याकडे आले की मी लाल पेन्सिल घेऊन तुटून पडायची. माझं खत वाचावं तर सुटसुटीत, असं दोन-चार वकील म्हणायला लागले होते आणि मी हवेत होते.

त्या दिवसांत एक विणकर बाई नवऱ्याला घेऊन आली. घरची भाषा तेलुगू, मराठी पेठेत शिकलेली. भाड्याच्या घरात त्यांचे दोन हातमाग होते. घरमालकानं अक्कलकोट रोडला एमआयडीसीत पॉवरलूम टाकले होते, म्हणून तो हे जुनं घर त्यांनाच विकत होता. मालकानं आणि बाईनं मिळून दस्तलेखकाला तोंडी मजकूर सांगितला, त्यांनी मसुदा लिहिला, आणि तपासायला तो माझ्याकडे आला. त्यात ती नेहमीची जंत्री होतीच. तिच्याच ओळीत लिहिलं होतं, ‘घरापुढील ताण्याच्या मोकळ्या जागेसह, आजवरच्या वहिवाटीप्रमाणे.’ मी अख्खी ओळ उडवली. मोकळी जागा म्हणजे अंगण, आणि अंगण घरातच आलं, असं मी धरून चालले. वर शहाणपणा असा की चतुःसीमा लिहिताना पूर्वेस ‘मोकळी जागा’ असं टाकून ती मीच घराबाहेर काढली. पक्कं खत मी भराभर वाचून दाखवलं. दोन्ही बाजू व्हय म्हणाल्या, अंगठे-सह्या झाल्या, दस्त नोंदला गेला.

वर्षाच्या आत त्या जागेवर दगडांच्या दोन गाड्या येऊन पडल्या. समोरचा रस्ता वर्दळीचा झाला होता आणि मालकाला तिथं दुकानगाळे काढायचे होते. खतात ही जागा कुठं लिहिलीय, दाखवा, असं तो म्हणाला. बाई माझ्याकडे आली. मी सकाळीच जागा बघायला गेले, आणि ताणा म्हणजे काय ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी वैरागच्या दुकानदाराची लेक, मला काय माहीत! पन्नासेक पावलं लांब सूत दोन्ही टोकांच्या खुंट्यांना ताणून बांधलं होतं, घरातली माणसं त्याला खळ लावून ब्रशानं विंचरत होती. उन्हं चढायच्या आत हे उरकावं लागतं. एवढी सरळ जागा नसेल तर ताणा नाही, आणि ताणा नाही तर माग बंद. गाळे उभे राहिले असते तर त्या बाईकडे नुसतं झोपायला घर उरलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑफिसात येऊन फाईल काढली. कच्चा मसुदा होता. दस्तलेखकांचं वळणदार अक्षर आणि त्यावर माझी लाल रेघ.

लेखी दस्त झाला की आमचं तोंडी असं ठरलं होतं, तसं ठरलं होतं, याला कोर्ट सहसा विचारत नाही. एकच वाट असते. दोघांच्या मनात एकच होतं आणि कागदावर चुकून दुसरंच उतरलं, हे शाबीत झालं तर कोर्ट कागद दुरुस्त करून देतं. ते शाबीत करणारा कागद माझ्याच हातात होता. वरिष्ठांना दाखवला. ते माणूस चांगले होते, माझ्या काळजीपोटीच बोलले. हा कागद बाहेर काढू नका, दावा वहिवाटीवर लढवू, जमलं तर जमलं, नाहीतर तुमच्याकडून साधं भाडेपत्रही कुणी लिहून घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. वहिवाटीवर दावा हरला तर माग कुणाचा बंद पडणार, तुमचा की माझा? शेवटी मी साक्षीदार व्हायचं आणि दावा त्यांनी चालवायचा, असं ठरलं. ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. बाईला मी खतात चूक राहिलीय एवढंच सांगितलं. कुणाची ते सांगायचा धीर झाला नाही.

बांधकामाला मनाई हुकूम मिळाला, मग दोन वर्षं तारखा. ज्या कोर्टात मी काळा कोट घालून उभी राहायची, तिथंच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले. अख्खा बार मजा बघायला मागं उभा होता. दस्तलेखकही आले होते. समोरच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "म्हणजे कायद्याची पदवी घेतलेल्या वकीलबाईंना साधं खरेदीखत लिहिता आलं नाही, असं समजायचं का?"

मी म्हटलं, "तसंच समजा. ओळ बरोबर होती. ती मी खोडली. न समजता खोडली."

मागं कुणीतरी हसलं. माझे कान तापले, पण मान खाली गेली नाही. आणि खरं सांगते, त्या क्षणाचा मला जो अभिमान वाटतो तो जिंकलेल्या एकाही दाव्याचा वाटत नाही. पुढं मालकाची उलटतपासणी झाली. मसुदा हातात दिल्यावर ती ओळ आपणच सांगितली होती, हे त्याला कबूल करावं लागलं. निकाल आमच्या बाजूनं लागला. चूक दुरुस्तीचा दस्त करून जागा खतात घालावी, असा हुकूम झाला.

बाहेर पायऱ्यांवर बाई माझी वाट बघत थांबली होती. माझ्या साक्षीच्या दिवशी ती मागच्या बाकावर होती, तिनं सगळं ऐकलं होतं. त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नव्हतो. मी आधीच म्हणून टाकलं की दुरुस्तीचा दस्त दुसऱ्या कुठल्याही वकिलाकडून करून घ्या, मी वाईट वाटून घेणार नाही.

"दुसरा कशाला?" ती म्हणाली. "त्याचं चुकलं तर आमाला कोण सांगंल? तुमीच लिवा की, बाई."