खिडकीतला कप

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा गॅसवर चहा उकळत होता, त्यांच्या वाट्याचं दूधही घालून झालं होतं. दर रविवारी छावणी भागातल्या घरून चालत यायच्या त्या आमच्याकडं, चहाला. दीड महिना होत आला... रविवारी दूध अजून जास्तच पडतं.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. लॉ कॉलेजात शिकवायच्या. नोकरीत माणसामाणसांत केला जाणारा भेदभाव, हा त्यांचा विषय. बाळंतपणाच्या रजेवरून परत आली तर जागाच भरलेली, आडनाव ऐकून मुलाखतीतून वाटेला लावलेला... अशी माणसं विद्यार्थ्यांइतकीच त्यांच्या दारात असायची. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सफाई कामगारांना कँटीनच्या कपात चहा मिळत नसे. ताईंनी कलमं काढून दिली, कामगारांबरोबर मालकासमोर जाऊन बसल्या आणि तो प्रकार बंद करायला लावला. पेपरात फोटो आला. गुलमंडीतल्या साडीच्या दुकानात मी तो पर्समधून काढून दाखवला, "आमच्या नणंदबाई!" म्हणून. आणि घरी? आमच्या भांडीवाल्या कांताबाईंचा कान तुटलेला कप स्वयंपाकघराच्या खिडकीत, वेगळा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ताई एरवी बैठकीत बसायच्या. त्या रविवारी पाणी घ्यायला आत आल्या नि कप त्यांच्या नजरेला पडला. त्यांनी तो विसळला आणि माझ्यापुढं धरला.

"वहिनी, मला ह्यात द्या."

"अहो ताई, तो कांताबाईंचा आहे!"

"मग काय झालं? मीपण पगारावरच काम करते ना?"

लई राग आला मला. चार पाहुण्यांत शोभा नको म्हणून मी कप लपवायची, त्या हुडकून काढायच्या. पुढं कायम त्यातच प्यायल्या. मीही हट्टाची, कपाची खिडकीतली जागा काही बदलली नाही.

आमच्याच घरी केलेल्या तेराव्याला कांताबाई आल्या. पाहुण्यांदेखत मी मुद्दाम नव्या सेटमधला कप पुढं केला. तेवढी तरी अब्रू राहावी! त्यांनी हात मागं घेतला.

"नगं वैनी. ताईंच्या कपात द्या."

खिडकीतून त्यांनीच तो काढला आणि दोन्ही हातांत धरून रडत रडत प्यायल्या. ताईंचा कप! मी आपली इतकी वर्षं त्याला कांताबाईंचा म्हणत होते. तोंड कुठं लपवू असं झालं मला.

आता रोज दुसरा कप देऊ करते, पण कांताबाई ताईंचाच मागतात. गेल्या रविवारी घरात कुणी नव्हतं. म्हटलं, ताईंच्या नावानं आज आपण त्यात पिऊ. स्वतः घासला, चहा ओतला, ओठांपर्यंत नेला... आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. लाज वाटली हो, रडूही आलं, पण जमलं नाही. चहावर साय धरली. शेवटी तो बेसिनमध्ये ओतला आणि कप विसळून परत खिडकीत ठेवला.