राज्य कायम विलासदादांवर

फोनवर विलासदादांचं नाव दिसलं, म्हणून मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाले. "दादा, मुखपृष्ठाचा निळा फिकट आलाय. खाडी आहे ती, नीळ घातलेला सदरा नाही. आणि परवा देतो म्हणालेलात, त्याला आठवडा झाला…" पलीकडून कोणी अडवेना, तशी मी कागदाच्या दर्जावर घसरले. मग त्यांच्या पत्नीचा, सरितावहिनींचा आवाज आला. "ताई, मी बोलतेय. हे सकाळी गेले." मला वाटलं, बाजारात गेले. मी म्हटलंसुद्धा, "मग आले की फोन करायला सांगा." … त्या वाक्याची लाज मला जन्मभर पुरेल. त्याला आता दीड महिना झाला.

विलासदादांचा कल्याणला छोटासा छापखाना. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या डायऱ्या. मी ठाण्यातल्या एका शाळेत गणित शिकवते आणि फावल्या वेळात खेळाची पुस्तकं लिहिते. खेळ म्हणजे गोष्टीचा खेळ. चार-पाच जणांनी सतरंजीवर बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, ते काय करतं हे तोंडाने सांगायचं आणि जमलं की फसलं हे दान टाकून ठरवायचं. एकाने मात्र पात्र घ्यायचं नाही. त्याने गाव, पाऊस, चोर, सगळं सांभाळायचं. पुस्तकात मी त्याला 'कथानियंत्रक' म्हटलं होतं. दादा म्हणाले, "मॅडम, हा माणूस रेल्वेत कामाला वाटतो. आपण शाळेत काय म्हणायचो? राज्य! ज्याच्यावर राज्य, तो बघेल सगळं." मी हट्टी बाई, पण तो शब्द मुकाट्याने बदलला.

ही ओळख झाली तीच एका चुकीतून. ठाण्यातल्या दोन-तीन छापखान्यांनी "कथा आहे की कोडी?" विचारून माझं बाड परत केलं होतं. दादांनी काही न विचारता घेतलं आणि काम निम्म्यावर आल्यावर त्यांचा फोन आला. "मॅडम, मशीन थांबवलंय. तुमचा शेवटचा सोळा पानांचा फर्मा यायचा राहिलाय." मी म्हटलं, सगळा मजकूर दिलाय. "अहो, कसा दिलाय? खाडीच्या बांधाची उघाडी, ते पाणी अडवायचं दार, कोणीतरी फोडली, भरतीचं पाणी दारातून गावात शिरतंय, आणि पुढे पानच नाही. फोडली कोणी?" मी समजावलं की ते खेळणारे ठरवतील, प्रत्येक घरात वेगळं. "म्हणजे पैसे पण गिऱ्हाइकाने द्यायचे, आणि गोष्ट पण गिऱ्हाइकानेच सांगायची? धंदा झकास आहे तुमचा!"

हे फोनवर पटणारं नव्हतं. मी कल्याणला गेले. कागदाच्या रिमांवर दादा, वहिनी आणि मी बसलो, राज्य माझ्यावर. पंधरा मिनिटांत दादा असे रंगले की त्यांचा खेळातला गडी, त्याचं नावही त्यांनी विलासच ठेवलेलं, धावत फुटक्या उघाडीपाशी जाऊन उभा राहिला. तेवढ्यात दाराशी नवरीचे वडील आले. पत्रिकेत मुलीचं नाव चुकलं होतं. दादा उठले. "माझा गडी उघाडीवरच राहू दे हं मॅडम, आलोच." ते काही आले नाहीत. पत्रिका पुन्हा छापायची होती. पण थांबवलेलं मशीन दुसऱ्या दिवशी सुरू झालं, आणि पुस्तक विकायचं कामही त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

विकणं सोपं नव्हतंच. दुकानदार विचारायचा, "लहान मुलांत ठेवू की मोठ्यांत?" दादा सांगायचे, "मधे ठेव. दोघं भांडतील, तेवढीच जाहिरात." परदेशी फासे महाग पडतात म्हणून त्यांनी एका बाजूने फरशीवर घासलेले पाच चिंचोके प्रत्येक पुस्तकाबरोबर दिले. जितके पांढरे वर, तितकं दान. पहिलं पार्सल एसटीने सोलापूरला गेलं, आणि तिथल्या विक्रेत्याचा संतापलेला फोन आला की पुडीतून किडे निघालेत. मग वहिनींनी पुढचे सगळे चिंचोके कढईत भाजले. त्या आवृत्तीच्या पुस्तकांना अजून खमंग वास येतो. वाचक विचारतात, छपाईची शाई कुठली?

खरं म्हणजे हे पुस्तक मांडून खपत नाही, खेळवून खपतं. ग्रंथालयात, सोसायटीच्या हॉलमध्ये, प्रदर्शनात चार माणसं बसवायची आणि गोष्ट सुरू करायची. मी लिहू शकते, पण चार अनोळखी माणसांसमोर माझा आवाज पाढे म्हणायला लागतो. दादांचं तसं नव्हतं. बिलबुकासाठी आलेल्या गिऱ्हाइकालाही ते असं बोलण्यात गुंतवत की तो पत्रिका ठरवून जाई. त्यामुळे राज्य कायम विलासदादांवर. ठाणे, डोंबिवली, कल्याण, रविवारमागून रविवार… गावभरच्या लोकांना ते उघाडीपर्यंत घेऊन जायचे आणि स्वतः मात्र बाहेर बसायचे. पुस्तकं बांधता बांधता म्हणायचे, "मॅडम, माझा डाव राहिलाय हं. एकदा राज्य घ्या की तुम्ही." मी म्हणायचे, पेपर तपासून होऊ देत. मग, दिवाळी होऊ दे. हे मी थट्टेत म्हणत नव्हते, खरंच वाटायचं की होईल. पाच-सहा वर्षं मी त्या माणसाला भरतीच्या पाण्यात उभं करून ठेवलं. मला एक संध्याकाळ काढता आली नाही. याला दुसरा शब्द नाही, आळस.

तेरावं झाल्यावर वहिनींना भेटायला गेले. अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या आवृत्तीचा विषय मी काढणार नव्हते, त्यांनीच काढला. त्यांच्या भावाने मशीन सांभाळायचं ठरलं होतं. शेवटच्या फर्म्यात दोन पानं कोरी राहत होती. "हे असते तर म्हणाले असते, कोरं पान गिऱ्हाइकाला कमी दिल्यासारखं वाटतं," वहिनी म्हणाल्या. मी चाचरत म्हटलं, दादांच्या आठवणीसाठी काही टाकू या का? राज्य घेणाऱ्यासाठी चार सूचना, त्यांच्या पद्धतीच्या, त्यांच्या नावाने? वहिनींनी मान हलवली. "नको, ताई. आता पुन्हा ह्यांच्यावर राज्य नको. आयुष्यभर दुसऱ्यांना खेळवलं. ह्यांना खेळू दे."

म्हणून त्या पानांवर एक तयार पात्र छापलं आहे. विलास, छापखानेवाला, मूळचा मोहन्याचा. बोलण्यात पटाईत, थट्टेखोर, गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. उघाडीवर उभा आहे. ज्याला हवा त्याने घ्यावा.

गेल्या रविवारी डोंबिवलीच्या ग्रंथालयात नव्या आवृत्तीचा पहिला डाव मांडला. राज्य माझ्यावर. सुरुवातीला पाढेच म्हटले, मग थोडं जमत गेलं. दादांना यातलं काहीच ऐकायला मिळालं नाही, हे सारखं टोचत होतं. भाजीची पिशवी घेऊन आलेल्या एक काकू पानं चाळून म्हणाल्या, "मला हा विलास आवडला. मी ह्याला घेते." त्यांना काही माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. गोष्ट पुढे गेली, भरती चढली, फुटक्या दारातून पाण्याचा लोंढा आत आला आणि एक मूल वाहून जाऊ लागलं. "हा उडी मारतो," काकू म्हणाल्या. मग थांबून त्यांनी मला विचारलं, "पण ह्याला पोहता येतं का हो?"

मोहने नदीकाठी आहे. येत असेलही. इतकी वर्षं कागद, शाई, पार्सलं यांवर तासन् तास बोललो आम्ही… आणि हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारायलाही कोणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. राज्य माझ्यावर होतं, मी हो म्हणू शकले असते, पण विलासदादांच्या वतीने खोटं बोलवेना.

"दान टाका," मी म्हटलं. काकू मुठीत चिंचोके खुळखुळवू लागल्या, आणि मी सतरंजीचा काठ घट्ट धरून मनात म्हणत राहिले, येऊ दे… त्यांना पोहता येऊ दे.